साळवेबाई, सोमवार

दाराबाहेरच्या कपाटात तीन जोड.
नवरा म्हणतो, पाय दोन.
मी म्हणते, गुडघेही दोनच, त्यांचं काय?

पहिला लाल.
जिभेवर एका अमेरिकन गार्डची सही,
शेपूट लांबवर ओढलेली.
हा धरतो.
डावीकडे झुकवून उजवीकडे निघावं
आणि बुटानं ऐन वेळी शब्द फिरवू नये,
एवढंच मागते मी.
लाकडी कोर्टवर तो चिवचिवतो;
बालेवाडीला एकदा ऐकलं होतं.
पण आमचं खडकीचं कोर्ट सिमेंटचं,
वर कडुलिंबाची काटकी, कावळ्यांची शीट,
शेजारच्या बांधकामाची पिठासारखी धूळ.
चार फेऱ्यांत तळव्याचा माज उतरतो.
मग रेषेबाहेर ठेवलेल्या ओल्या गोणपाटावर
दर दोन मिनिटांनी पाय पुसायचे.
टाच कडक.
दुसऱ्या दिवशी जिना उतरताना
मी कठड्याशी बोलत उतरते.

दुसरा करडा,
कुणा पावणेसात फुटी माणसाच्या नावाचा.
त्याचं वजन पेलायला केलेला,
त्यात माझे पंचावन्न किलो.
पाय घातला की साय.
हा घालून मी लॅबमध्ये आठ तास उभी राहते,
रक्ताच्या नळ्या ओळीत लावते,
संध्याकाळी पोटऱ्या तक्रार करत नाहीत.
पण खेळायला?
उडीनंतर जमीन उशिरा कळते,
पाच जणांच्या तोंडून फिरत आलेल्या बातमीसारखी.
एका शनिवारी घालून गेले.
पाऊल वळलं.
बूट नाही वळला.
तीन आठवडे घोटा वांग्याच्या रंगाचा.

तिसरा पांढरा.
एस्थरनं घ्यायला लावला, आई, जीन्सवर भारी दिसतो.
एफसी रोडवर दोन पोरांनी
माझ्या चेहऱ्याकडे न बघता
बुटांना मान डोलावून दाद दिली.
चाळिशीनंतर तेवढंही चालतं.
कोर्टवर नेत नाही, डाग पडेल.
बास्केटबॉलचा बूट बास्केटबॉलपासून जपायचा
हे मला अजून पचत नाही.

तिन्ही मुलांच्या विभागातले, माप पाच.
बायकांच्या बाजूला गुलाबी चालण्याचे बूट होते,
चालणं म्हणजे आमचा खेळ.
दुकानातल्या पोऱ्यानं विचारलं, मुलाचं वय काय, काकू?
बेचाळीस, म्हटलं.

नलू घोरपडे कॅनव्हासमध्ये खेळायची.
डागांवर खडू फासून.
सोलापूरच्या सामन्यात अंगठा बाहेर आलेला,
तरी तिघींमधून अशी गेली
की तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या.
आता चिंचवडला विमा विकते.
तिच्या नावाचा बूट निघाला असता
तर मी उधारीवर घेतला असता.

गेल्या महिन्यात लालचा तळ उघडला,
मगरीनं जांभई द्यावी तसा.
बाजाराच्या कोपऱ्यावर भागुजी सातपुते बसतात.
त्यांनी अंगठा दाबून पाहिला, हुंगला,
म्हणाले, कंपनी मोठी, गोंद गरीब.
मग नायलॉनच्या दोऱ्यानं कडेकडेनं टाके,
चवड्याखाली स्कूटरच्या टायरची पट्टी.
विचारलं, ही सही कुणाची?
सांगितलं. कितीला पडला तेही सांगितलं.
त्यांनी बूट हातात तोलला,
काही बोलले नाहीत.
आणि बदलाबदल होऊ नये म्हणून
बॉलपेननं, दुसऱ्या पायाच्या जिभेवर, आतून,
लिहून टाकलं:
साळवेबाई, सोमवार.

पुढच्या रविवारी खेळले.
एक सही बाहेर, एक आत.
पकड आता बरी आहे. टायरची.
घरी येऊन मोजे काढले तर
घामानं शाई उतरलेली.
साळवेबाई पुसट,
सोमवार मात्र नीट वाचता येतो, उलटा.