मानस

सात-दहाची फेरी चुकली.
म्हणून बांधावर बसून
कालची सिद्धता पुन्हा वाचते आहे.
चूक अजून आहे. कुठे, ते दिसत नाही.

आलेशू मानशीच्या तोंडाशी जाळं धुतोय.
"बाये, इतलीं वर्सां तूं कितें शिकता?"

मी त्याला समोरचं खाजन दाखवते.
समज, असा एक प्रदेश आहे, चहूकडून बांधलेला,
आणि आत कुठल्याही जागी उभं राहिलं तरी
आपण नेमके कुठे आहोत ते सांगता येत नाही.
एक बिंदू उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवावा,
सगळा प्रदेश त्यासोबत सरकावा,
आणि काही हललं असं कुणाला वाटू नये.
त्याला समांग म्हणतात.

"पाय किती रुततो त्यावरून मी सांगीन," तो म्हणतो.
खरं आहे. खाजन समांग नाही.
इथे खारं, वर गोडं, मध्ये कोर्गूट,
आणि कुठल्या तुकड्याची पावणी कुणाकडे, हे तर
अख्ख्या चोडणाला पाठ.

काठाचं मात्र त्याला सांगितलं नाही :
आतल्या मापानं चालत गेलं
तर बांध कधीच येत नाही.
बाहेरच्याला तो चार पावलांवर दिसतो.
(पणजीला भाड्याची खोली शोधताना
हे मला आधीच कळलं होतं, उलट्या बाजूनं.)

एका मितीत असा प्रदेश एकच, चकती.
दोनांत दोन. तीनांत चार.
इथवर प्रत्येकात प्रत्येक बिंदूला आरसा आहे :
तो बिंदू जागेवर ठेवून
भोवतालचं सगळं उलटं फिरवता येतं.
मग चौथ्या मितीत
एक बिनआरशाचा निघाला.
पुढे सातव्यापासून तर यादी मोजताच येत नाही,
दोन प्रदेशांच्या मध्ये नेहमी तिसरा,
मिठाच्या दोन खड्यांच्या मध्ये जसा... नाही,
ही उपमा सरमळकर बाई खोडतील.

ओहोटी लागली. मानशीची फळी
कुणी हात न लावता
बाहेरच्या बाजूला उघडली.
भरतीला ती आपली आपण मिटते.
"उरफाटी उगडूंक येना ती?" मी विचारलं.
आलेशू हसला. "उरफाटी उगडली जाल्यार
शेत खंय, न्हंय खंय?"

पान एकवीस. ओळ सहा.
'आता या बिंदूभोवती उलटं फिरवू...'
कुणी सांगितलं मला, की फिरवता येतं?
सगळीकडे पोचता येतं एवढंच दिलं होतं.
आरसा मी घरून आणला होता.

पेन्सिलीनं तीन पानं खोडली.
पलीकडून, रायबंदरहून, फेरी निघालेली दिसते,
चालत्या माणसाला तिकीट नाही तिच्यात,
कुणीही कुणाच्या जागी उभं राहावं.
आलेशूनं दोन शेवटे दिले, कागदात गुंडाळून.
कागद माझाच. पान बावीस.