खरं

पुण्याचा आतेभाऊ फोनवर म्हणाला, नवा कन्सोल घेऊन टाक.
मी म्हटलं, घ्यायला पाहिजे, खरं...
तो म्हणाला, खरं ना? मग घे की!
त्याला कसं सांगू,
आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.

जुना आहे अनगोळच्या खोलीत, टीव्हीखाली.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीची काळी धूळ ओढून
मिरची कांडपाच्या गिरणीसारखा घरघरतो.
दर अमावास्येला मी झाकण उघडतो,
रंगाच्या ब्रशानं त्याचं नाक साफ करतो.
कंट्रोलरची काठी आपोआप डावीकडे जाते,
म्हणून माझा एक खेळाडू दोन वर्षं झाली
कॉर्नरच्या झेंड्याजवळ जाऊन उभा राहतो,
बसची वाट बघत असल्यासारखा.
मल्लेशला हे ठाऊक आहे.
तो बिनधास्त दुसऱ्या बाजूनं येतो आणि गोल मारतो.

नवा पंचावन्न हजार.
जुन्याचे आठ देईन म्हणाला गणपत गल्लीतला पोरगा,
वायरीसकट.
राहिले सत्तेचाळीस, बारा हप्ते,
म्हणजे वर्षभर एक रविवार सोडून एक ओव्हरटाइम.

ताकदीला मी नावं ठेवणार नाही.
दहा मायक्रॉन इकडं-तिकडं झाले तर
माझा जॉब भंगारात जातो.
गेल्या वर्षी शॉपमध्ये नवं मशीन आलं,
अकरा मिनिटांचं काम चार मिनिटांत.
आम्ही पेढे वाटले.
उरलेल्या सात मिनिटांत
आम्हाला दुसरं मशीन सांभाळायला दिलं.

जुन्यावर मॅच सुरू व्हायला पन्नास सेकंद लागतात.
गोल चक्र फिरत राहतं.
त्या पन्नास-पन्नास सेकंदांत मी कन्नड शिकलो:
कुंड्रु, तडी, साकु.
मल्लेश मराठी शिकला:
गप, सरक, माझी चकली कुठाय.
गोकाकला आईला फोन लावायचा तो तेवढ्यात,
आणि मॅच सुरू झाली की म्हणायचा, ठेवतो, साहेब आलेत.

शनिवारी दोघं दुकानात गेलो, टिळकवाडीत.
पोरानं बटण दाबलं आणि मॅच सुरू.
चक्र नाही, काही नाही.
आम्ही दोघं बोलायला तोंड उघडून तसेच.
गवताचं पातं न् पातं वेगळं,
गोलकीपरच्या मानेवरून घामाचा थेंब उतरत होता,
कॉलरपर्यंत आम्ही त्याच्याबरोबर गेलो.
सुंदर होतं. खोटं कशाला बोलू?
पोरानं विचारलं, टीव्ही कुठला?
बत्तीस इंची, सात वर्षांचा.
मग एवढं दिसणार नाही सर, टीव्ही पण बदला.
मल्लेश म्हणाला, इरोवु एरडे कण्णु,
आहेत ते दोनच डोळे.
पोरगा हसला, हप्त्याचा कागद पुढं केला.
मी तो घडी करून खिशात घातला.

येताना गोवावेसच्या अलीकडं मल्लेशनं गाडी थांबवली.
म्हणाला, बंगळूरचं पत्र आलंय. एक तारखेपासून.
मागून रिक्षावाला हॉर्न देत होता.
म्हणाला, तिकडं नवा घेतोय मी.
पुढचा फुटबॉल जुन्यावर येणारच नाही म्हणतात.

म्हणजे घाम नाही, गवत नाही.
सत्तेचाळीस हजारांत मिळणार होता
पाचशे किलोमीटरवरून येणारा
त्याचा उजवीकडचा गोल.

रात्री खोलीत बसलो. जुना घरघरत होता.
चकल्या संपल्या होत्या.
मी विचारलं, घेऊ काय बे?
चक्राकडं बघत तो म्हणाला,
घे. खरं...

त्याच्या कन्नडमध्ये 'खरे' म्हणजे खरं.
माझ्या मराठीत 'खरं' म्हणजे पण.
तो कुठल्या भाषेत बोलला कळेना.
मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो,
तीस सेकंद, चाळीस,
तेवढ्यात मॅच सुरू झाली
आणि माझा खेळाडू निघाला झेंड्याकडं.