हातचा

नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या
की आठवडाभर सगळा वर्ग शिंकतो.
सत्तेचाळीस गुणिले सहा.
तनुजा भोई फळ्यापुढे उभी,
आणि खडू ओला झालाय.

खडू ओला होतो
हे तळव्याला घाम सुटणाऱ्यालाच ठाऊक.
मला ठाऊक आहे.
मंगळवारी पहिल्या तासाला माझं पोट दुखायचं,
आई ओवा द्यायची.
ओव्याने गणित उतरत नाही.

सैंदाणे सर म्हणायचे, हातचा विसरलीस?
कर हात पुढे.
मी विसरायचे नाही हो,
हातचा हातातच असायचा,
फक्त त्या हाताला पट्टी दिसायची.

मग मी डी.एड. केलं, गणितच घेतलं
(सूड म्हणा, नाहीतर वाट्याला आलं म्हणा)
आणि गेल्या सोमवारी माझ्या तोंडून
त्यांचाच आवाज आला:
विसरलीस?
पट्ट्या केव्हाच बंद झाल्यात.
माझ्या हातात काहीसुद्धा नव्हतं.
तनुजाने तरी हात पुढे केला.

त्या दिवशी डबा खाल्ला नाही.
तिची वही उघडून बसले.
प्रत्येक गुणाकाराच्या डोक्यावर भोक,
खोडून खोडून कागद फाटलेला.
काय गं हे?
बराच वेळ काही नाही.
मग पायाच्या अंगठ्याला सांगितल्यासारखं,
"हुशार पोरं मनमां धरतस मॅडम.
माले नही येस."

मी पर्समधून दुधाची डायरी काढली.
महिन्याच्या बेरजेवर माझे बारके बारके हातचे,
साखरेला लागलेल्या मुंग्यांसारखे.
बघ, पन्नाशी आली. मीही लिहिते.
तिने डायरी उलटी धरून पाहिली,
सुलटी धरून पाहिली.

तिची आई पथारीवर देठ खुडते.
संध्याकाळी हीसुद्धा; बोटांची टोकं अजून लाल.
म्हटलं, समज आईने सत्तेचाळीस किलो खुडली,
किलोला सहा रुपये.
सहा सत्ते बेचाळीस, दोन लिहिलास.
सहा चोक चोवीस, तेही लिहिलंस.
दोनशे बेचाळीस.
मधले चार कुठे गेले?
ते चार नाहीत, तनुजा. चाळीस आहेत.

"चाळीस रुपया?"
ती पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती.
"मंग इतला बारीक कसाले लिखतस?"

मला उत्तर सुचलं नाही.
सैंदाणे सरांना हे कुणी विचारलंच नसेल.
आम्हाला कुठे विचारायला तोंड होतं,
आमचे तर नुसते हात होते.

तिने पुन्हा मांडणी केली.
चारच्या डोक्यावर चार काढला,
तीन ओळी अडवून, पाय फाकवून उभा,
पेन्सिल दाबून दाबून गिरवलेला.
इतका मोठा, की खाली
दोनशे ब्याऐंशीला जागाच उरली नाही.
ते बिचारं समासात जाऊन बसलं.