बादली

नकाशात दीपगृह ठळक होतं, चांदणी लावलेलं.
त्याच्या अलीकडे चाळीस किलोमीटर
नुसती निळी कड.

गाडी तापली म्हणून मधेच थांबलो.
बसथांबा होता. बस बंद होऊन
अकरा वर्षं झाली, दोसिंदा म्हणाली,
आत वारा लागत नाही म्हणून ती
इथे जाळी सांधत बसते.
बाकावर थर्मास, रेडिओ, एक कानफाटकं मांजर.
गॅलिसियातली सगळ्यात लहान खोली,
तिची चौथी भिंत समुद्राची.

"पुढेच निघालात ना?"
आणि उत्तराआधीच मागच्या सीटवर बादली.
ओल्या फडक्याखाली खडकावरून खरवडलेले पेरसेबेस,
म्हाताऱ्या बोटांसारखे, काळे, नखांसकट.
"बहिणीला द्या. एर्मितास. खालच्या वाडीत.
बोलत नाही मी तिच्याशी.
पण खाऊ दे."

नकाशाला ठाऊक नसलेला उतार.
दोन्ही काचांना मक्याची पानं घासत होती.
एर्मितासनं फडकं उचललं,
मोजले. परत मोजले.
"गेल्या खेपेपेक्षा बारीक."
बादली धुतली, पदरासारख्या एप्रनला पुसली,
आत सात लिंबं ठेवली देठासकट.
"मी दिली म्हणून सांगू नका."

मागे फिरलो. दुसरं काय करणार?
दीपगृहाचा झोत तेवढा
मागच्या काचेत येऊन जात राहिला.

थांब्यावर दोसिंदा अजून होती.
"रस्त्यात मिळाली," मी म्हणालो.
तिनं एक लिंबू नाकाशी धरलं,
बराच वेळ.

"बारीक म्हणाली असेल."