ऊर्फ

मंगळवारी दुपारी येतो व्हर्लिन ग्रीनवुड,
चुन्याच्या खाणीत एकतीस वर्षं गेलेला,
बुटाच्या खोक्यात पूर्वज घेऊन.
सेंट जेनेव्हिव्हचं हे ग्रंथालय लहान,
मिसिसिपी बंधाऱ्यापलीकडे, दिसत नाही, फक्त
फिल्म बघायच्या यंत्राचा पंखा थांबला
की तिकडून बार्जचा भोंगा ऐकू येतो.

'आम्ही इंग्रज,' पहिल्या दिवशी म्हणाला होता.
मी चाक फिरवत मागे मागे गेले.
अठराशे एकाहत्तर: ग्रीनवुड.
अठराशे अडतीस: ब्वाव्हेर. हिरवं रान.
मधे कुठेतरी एका कारकुनानं
न विचारता भाषांतर केलं
आणि महिन्याचा पगार घेतला.

त्याच्याही मागे, पाद्रीच्या तांबूस शाईत:
जोसेफ पेलेतिए दी ब्वाव्हेर.
हा 'दी' कोण, व्हर्लिन विचारतो.
कोणी नाही. आमच्याकडे कोर्टाच्या कागदात असतो, ऊर्फ.
शब्दाला शब्द ठेवायचा तर: म्हणे.
पेलेतिए, म्हणे हिरवं रान.
पलटणीत चार पेलेतिए असतील,
हाक मारली की चौघेही वळत असतील,
म्हणून एकाला रान दिलं, एकाला फूल,
एकाला, खोटं नाही, 'बिनघोर'.
छावणीतली थट्टा ती,
नातवंडांनी दारावर पाटी करून लावली.

मला त्यात नवल वाटत नाही.
मी टाकळकर. टाकळी कुठली
हे माझ्या आजोबांनाही सांगता येत नसे.
महाराष्ट्रात टाकळ्या किती, मोजून बघा.

मुली सगळ्या मारी. मुलगे बहुतेक जोसेफ.
हाकेचं नाव त्याच्यापुढे, चुलीजवळचं.
एक मारी-थेरेझ आठव्या दिवशी गेली;
वर्षानं झालेल्या बहिणीला तेच नाव,
अंगडं-टोपडं वाया जाऊ नये तसं.

आणि बायका (हे मी दोनदा वाचलं)
लग्नानंतर, सहा बाळंतपणांनंतर,
पुरतानासुद्धा माहेरच्याच आडनावानं.

माझी आई द्वारका.
ताटातल्या तांदळात, अंगठीनं, शैलजा झाली.
त्या तांदळाचं पुढे काय झालं कोण जाणे,
बहुधा भात.
द्वारका एकाही कागदावर नाही.
मामाचा फोन आला की ती
वायर ताणून दाराआड जायची,
तेवढा वेळ द्वारका.

शेवटचं रीळ. सतराशे बासष्ट.
मूल जोसेफचंच. आईचं नाव अँजेलिक.
पुढे आडनाव नाही. दी नाही. कुणाची लेक ते नाही.
एकच शब्द: पानीज.
'गाव आहे का ते?'
गाव नाही, व्हर्लिन.
मिसूरी नदीच्या वरच्या अंगाला
धरून आणलेली, विकलेली इथलीच मुलगी.
ज्याच्या घरी राबायची त्याचंच मूल असेल, नसेल,
कागद तेवढं सांगत नाही.
तिला तिची माणसं काय म्हणायची,
पाद्रीनंही विचारलं नव्हतं.

व्हर्लिन टोपी काढतो. परत घालतो.
पंखा बंद पडतो, भोंगा काही वाजत नाही.
पोस्टानं मागवलेल्या त्याच्या छापील वंशवृक्षात
आईच्या चौकटीला दोन घरं,
एक नावाचं, एक आडनावाचं.
'दुसऱ्यात काय लिहू?'
मी रीळ गुंडाळत राहते.

तो 'अँजेलिक' लिहितो, खाणकामगाराच्या
दाबून लिहायच्या सवयीनं.
मग बऱ्याच वेळानं, लहान अक्षरात, 'दी'.
आणि पुढचं घर
हाताच्या कडेनं नुसतं पुसून घेतो,
त्यात काही नसताना.

पाच वाजले. तो खोकं काखेत मारून गेला.
पेन्सिल इथेच राहिली, शेंड्याला चावलेली.
मी ती उचलते, समोर मागणीची चिठ्ठी असते,
तिच्या पाठीवर द लिहिते, त्याला व जोडते,
इतक्या वर्षांत हात वळत नाही,
काना द्यायचा राहतो.