सहावा चमचा

पावणेसातला कचऱ्याची गाडी येते, भोंग्यावर गाणं लावून.
रामबागेत शेंबडं पोरही सांगेल
कुठल्या कप्प्यात काय.
साली ओल्यात, पुठ्ठा सुक्यात,
सुया, संपलेली औषधं वेगळी.
आपल्या इंदूरला सवय आहे
निवडून टाकायची.

तेरावा झाला, तशी ओजसची खोली आवरायला घेतली.
तीन वर्षांच्या कोचिंगच्या झेरॉक्स, दोरीने बांधलेल्या. सुक्यात.
उशीच्या अभ्र्यात चमचा,
खालून काळा झालेला,
दांड्यावर आईचं माहेरचं नाव.
ह्याच चमच्यापायी
आम्ही कमलाबाईंना कामावरून काढलं होतं.

काका फोनवर सगळ्यांना सांगतात : हार्ट.
एकविसाव्या वर्षी?
हो ना. आपल्यात असलं काही नसतं.

पणजोबा अफूच्या पेढीवर मुनीम होते.
पेटी मुंबईला, तिथून चीनला,
आणि तिकडून हे घर, माडीवरची ग्रंथांची कपाटं,
आत्याची दुसरी पेटी, काळी चारची.
मोडीतल्या वहीत तोळ्यातोळ्याचा हिशेब आहे.
तिकडे कुणाच्या बहिणीला
कुणाच्या उशीत काय सापडलं,
ते वहीत नाही.

गरोठला लग्नात यजमानांनी ओंजळीत कसुंबा धरला.
नाही म्हणणं म्हणजे अपमान.
बाबा हसत प्यायले. फोटो आहे.
कडेला नऊ वर्षांचा ओजस,
तोंड उघडं, घोट मोजतोय.

दुसऱ्यांदाही नंबर लागला नाही तेव्हा
बाबा रागावले नाहीत,
फक्त त्याचं नाव घेईनासे झाले.
"विचार त्याला, जेवतोय का."
तो समोरच बसलेला.

त्या रात्री मित्रांनी बेल वाजवली नि पळाले.
आई म्हणाली, आत घे, दिवा लावू नकोस.
ओठ निळे होते. अंधारातही दिसत होते.
एकशे आठ फिरवायला आला असता.
मी फोन हातात धरला
आणि भोंग्याचा विचार केला,
लेलेकाकूंच्या खिडकीचा.
उतरेल सकाळपर्यंत, म्हटलं.

"दीदी, यह किसमें?"
गाडीवाला हात पुढे करून उभा.
गाणं चालूच.
मी चमचा दिला नाही.
फाटकाशी लेलेकाकू होत्या, सगळी गल्लीच होती.
मी विचारलं,
गाण्याच्या वर आवाज चढवून :
कमलाबाई आता कुठे राहतात,
कुणाला ठाऊक आहे का?