झाडाखाली झाडलेलं

एप्रिल संपत आला तरी उत्तरेच्या उतारावर
बर्फ अजून मुक्कामाला.
सकाळी सहाला तो अंगावरून चालू देतो,
नऊनंतर गुडघ्यापर्यंत पाय आत ओढतो,
म्हणून मी सहालाच येते.
पाठीला थर्मास, गळ्यात भिंग,
हातात कंपनीचा नकाशा:
एल्यास कोर्वेनोयांचं अख्खं रान त्यात
बाविसाव्या नंबरचा एक चौकोन.

माझं काम ऐकून लोक आधी हसतात.
मी झाडांच्या बुंध्यांशी गुडघे टेकते
आणि लेंड्या शोधते.
उडत्या खारीच्या. उडत नाही ती खरं तर;
अंगचीच चादर ताणून
एका झाडावरून दुसऱ्यावर तिरकी उतरते,
रात्री, कुणी पाहत नसताना.
सोळा वर्षांत मला तीनदा दिसली,
त्यातली एक मांजराच्या तोंडात.
लेंड्या मात्र हजारांनी:
हिवाळाभर अल्डरचे तुरे खाऊन पिवळ्याधमक,
तांदळाच्या दाण्याएवढ्या.
वर ढोली, खाली असे चार दाणे,
की त्या झाडाला करवत लागत नाही,
आजूबाजूच्या पाच-दहा झाडांनाही.

एल्यास मागून येत होते,
हातात स्कीची एकच काठी.
सतरा अ‍ॅस्पेन. मी एकेकाला प्रदक्षिणा घातली.
काटक्या, सालीचा भुगा, एल्कचे केस,
गेल्या वर्षीची काळी पानं.
बारावं झाड सगळ्यांत जाड,
दोन पुरुष उंचीवर सुतारपक्ष्याची ढोली,
कडा घासून गुळगुळीत झालेली,
आणि बुंध्याभोवती
काही नाही.
काटकी नाही, पान नाही,
बर्फावर एक स्वच्छ वाटोळं.
झाडाखाली झाडलेलं.

वाऱ्याला मी ओळखते. वारा गोल झाडत नाही.
खराट्याच्या रेघा होत्या, बारीक, शेजारी शेजारी,
रेघांबाहेर बुटांचे ठसे
आणि दर ठशाशेजारी एक भोक, काठीच्या टोकाएवढं.
एल्यास तळ्याच्या दिशेला बघत होते,
जिकडे झाडांमुळे तळं दिसत नव्हतं.

सालीच्या भेगेत, जिथे खराटा पोचत नाही,
तिथे एक होती.

‘उंदराची असेल.’
‘उंदराची पिवळी नसते.’
‘नसते,’ ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले.

मी लिहिलं: झाड क्रमांक बारा. घेर एकशे एक्केचाळीस.
ढोली: वापरात. लेंड्या: एक.
झाडलोटीचा रकाना आमच्या तक्त्यात नाही.
मी तो पाडलाही नाही.

मग त्यांनी कॉफीला आत बोलावलं. नाही म्हणायला हवं होतं.
दारामागे बर्चचा खराटा, टोकाशी अजून ओला.
खिडकीशी खुर्चीत सायमा,
दोन हिवाळ्यांपासून चालत नाहीत.
‘इथून तळं दिसायचं,’ एल्यास म्हणाले, कपाशी बोलल्यासारखं,
‘ही लग्न होऊन आली तेव्हा.
होड्या दिसायच्या. पोरं पोहताना दिसायची.
मग ही झाडं उठली.’

सायमांनी साखरेचा खडा कॉफीत बुडवला, चोखला.
‘तळ्याचं काय,’ त्या म्हणाल्या, ‘पाणीच ते.
मला ते जाड झाड हवं.
रोज तिथून काहीतरी निघतं,
रुमाल फेकावा तसं,
आणि अलीकडच्या स्प्रूसला चिकटतं.
यांना सांगते, तर म्हणतात पाखरू असेल.’

सवयीने माझं पेन बाहेर आलं.
‘किती वाजता?’

त्या घड्याळाकडे बघून आठवू लागल्या.

‘पावणेदहा,’ एल्यास म्हणाले.